पाठमोऱ्या आईचं वाक्य

उचलली जीभ लावली टाळ्याला असं आपण म्हणतो, पण हल्ली जिभेलाही तेवढे कष्ट पडत नाहीत, अंगठ्यावर भागतं. उडणाऱ्या मुलीचा तो ॲनिमेशन चित्रपट लागला आणि पहिल्याच रविवारी संध्याकाळपर्यंत त्याच्यावर मतांचा नुसता खच पडला. इस्त्रीवालीची मुलगी, तिच्या अंगात वारा शिरतो आणि ती शहर वाचवायला निघते, एवढीच गोष्ट. पण व्यक्ती तितक्या प्रकृती. कुणाला रंग आवडले, कुणाला मुलीपेक्षा खलनायक बरा वाटला. मुलगी अनवाणी उडते म्हणून एकाने एक तारा कापला होता. दुसऱ्याची तक्रार होती की तिला शक्ती कशी मिळाली हे दाखवण्यातच अर्धा चित्रपट गेला. अरे बाबा, शक्ती कशी मिळाली हाच तर चित्रपट आहे, पण हे त्याला सांगणार कोण?

एका गोष्टीवर मात्र या सगळ्या शहाण्यांचं एकमत होतं. मुलीची आई पार फसली आहे.

आता ही आई, म्हणजे तिचा आपल्या भाषेतला आवाज, या गोष्टीतल्या बाईचा. इमारतीत तिला आवाजवाली म्हणत. उभी हयात तिने दुसऱ्यांच्या तोंडात आपला आवाज घालण्यात काढली होती. राण्या झाल्या, चेटकिणी झाल्या, एका जाहिरातीत बोलणारी बादली झाली. चेहऱ्याने तिला कोणी ओळखत नसे. पण दुकानात तिने नुसतं ‘अर्धा किलो द्या’ म्हटलं की शेजारची माणसं वळून पाहायची, हिला कुठेतरी ऐकलंय म्हणून. तेवढीच तिची प्रसिद्धी, आणि तिला ती पुरत होती.

झालं होतं ते असं. चित्रपटात एक प्रसंग आहे. मुलगी पहिल्यांदाच पोशाख चढवून दारात उभी राहते. आई टेबलाशी पाठमोरी इस्त्री करत असते. लिहून आलेलं वाक्य होतं, ‘जा बाळा, हे आकाश तुझंच आहे.’ रेकॉर्डिंगच्या दिवशी तो प्रसंग सगळ्यात शेवटी आला. आवाजवालीची त्या आठवड्यात एक रात्र धड झोपेत गेली नव्हती, कारण घरी तिची स्वतःची आई अंथरुणाला खिळली होती. काचेच्या खोलीत, कानांवर हेडफोन, समोर पडद्यावर ती वाकलेली पाठ. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, ‘जा. दार लोटून घे.’

पलीकडे डबिंगचा दिग्दर्शक होता, तोही सकाळपासून उभा. स्टुडिओची वेळ संपत आली होती, बाहेर पुढचे लोक येऊन बसले होते. त्याने ते एकदा ऐकलं, पाठमोरीच आहे, ओठ कुठे दिसतात, असं पुटपुटला आणि वाक्य राहू दिलं. दमलेली माणसं असे निर्णय घेतात आणि मग जग त्यावर चर्चा करतं.

ती चर्चा तिला घरबसल्या ऐकायला मिळत होती, कारण भावजय. भाऊ कामानिमित्त सदा बाहेर, आणि भावजय वरच्या मजल्यावर. मनाने चांगली होती, आईचं करायला हात लावायची, पण जिभेला हाड नाही. संध्याकाळी फोन घेऊन यायची, आईच्या पलंगाशी बसायची आणि एकेक मत वाचून दाखवायची. मुलगी जग वाचवायला निघालीय आणि आईला दाराची पडलीय. घरात एसी चालू असेल. ही आई आहे की वॉचमन? बाई एवढी दमलेली का वाटते, तिला कोणी पगार देत नाही का? शेवटचं वाचताना भावजय स्वतःच इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं.

आवाजवालीला राग आला नाही. राग यायलाही अंगात बळ लागतं. ती आईची कूस बदलत राहिली.

ते वाक्य तिचं नव्हतंच, तिच्या आईचं होतं. आई शिवणकाम करायची. जुन्या घरात मशीन दारापाशी होतं, उजेडासाठी, आणि त्या दाराची कडी कधीच नीट बसली नाही. जरा वारा आला की बेतलेले कपडे, कागदाचे साचे, सगळं घरभर. त्यामुळे घरातून कोणीही निघालं की आई मशीनवरून मान वर न करता म्हणायची, दार लोटून घे. मुलगी परीक्षेला निघाली तेव्हा तेच. पहिल्यांदा आवाजाच्या परीक्षेला गेली तेव्हा तेच. नवऱ्याचं घर सोडून परत आली आणि दुसऱ्या दिवशी काम शोधायला बाहेर पडली, तेव्हाही आईने धीराचा एक शब्द काढला नाही, एवढंच म्हणाली. आणि दर वेळी ही जिन्यावरून ओरडायची, ‘लोटलं!’ दोघींमध्ये प्रेमाचं म्हणून जे काही बोलणं झालं ते हेच. तिने याचा पूर्वी त्रास करून घेतला होता, नाही असं नाही. पुढे तिला त्याचा अर्थ कळला.

मेंदूला झटका आला आणि आईचे सगळे शब्द गेले, हे एक वाक्य तेवढं राहिलं. भूक लागली की दार लोटून घे. भीती वाटली, अंघोळीचं पाणी गार लागलं, तरी दार लोटून घे. डॉक्टर म्हणाले होते, आयुष्यभर घासलेलं वाक्य कधी कधी असं मागे उरतं, त्याच्यावर फार विसंबू नका. आवाजवाली मात्र त्याच्यावरच विसंबून होती. त्या तीन शब्दांच्या चढउतारांवरून तिला आई कळायची. ते गेलं की आई घरात असून नसल्यासारखी होणार, याची तिला धास्ती होती, आणि बाकी कशाचीच नव्हती.

सोमवारी दिग्दर्शकाचा फोन आला. थिएटरमधून चित्रपट गुरुवारी उतरतोय, पण घरोघरी जो दिसणार त्यात ते वाक्य बदलायचं ठरलंय. लोक फारच हसताहेत. त्याने आडवळणाने हेही सांगितलं की आईचा आवाजच बदलावा असा वर विचार चालू होता, पुढचे भागही यायचे आहेत, त्याने कसंबसं थोपवलंय. तेव्हा ताईंनी गुरुवारी सकाळी यावं आणि लिहिलेलं वाक्य जरा उत्साहात म्हणावं. तिने हो म्हटलं. हातातलं काम घालवून आई सांभाळता येत नाही. आणि ते वाक्य पडद्यावर राहिलं काय, गेलं काय, घरी ते रोज ऐकू येत होतं.

मंगळवारी ते थांबलं.

सकाळी ती औषधं आणायला निघाली आणि मागून काहीच आलं नाही. तिला वाटलं, डोळा लागला असेल. वळून पाहिलं तर आई जागी होती, चादरीची किनार बोटांनी चाचपत होती, टाका तपासल्यासारखी. बुधवारीही तेच. तिने दार मुद्दाम उघडं टाकलं, वाऱ्याने कॅलेंडर फडफडलं, आईने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टर येऊन गेले, त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि आवाजवालीच्या खांद्यावर हात ठेवला. भावजयीने त्या दिवशी फोन आणला नाही. स्वयंपाकघरात उभी राहून डोळे पुसत होती, तिलाही त्या वाक्याची सवय झाली होती.

गुरुवारी आवाजवाली स्टुडिओत गेली. काचेच्या खोलीत तीच पाठमोरी बाई, तीच इस्त्री. जा बाळा, हे आकाश तुझंच आहे. पहिल्याच झटक्यात झालं, आवाजात ऊन पडल्यासारखं. दिग्दर्शक खूश झाला, आता कशी आई वाटते, म्हणाला. तिने विचारलं की जुनं वाक्य आता कुठे ऐकायला मिळेल. तो माणूस वाईट नव्हता. त्याने घड्याळ पाहिलं आणि सांगितलं, दुपारचा खेळ आहे, शेवटचा.

ती टॅक्सीने घरी आली आणि आईला साडी नेसवायला लागली. भावजयीला वाटलं, वन्संचं डोकं ठिकाणावर नाही. “अहो ताई, त्यांना मान धरवत नाही, आणि चित्रपटाला?” ती आईच्या निऱ्या खोचत राहिली. भावजय जराशी तणतणली, मग चपला घालून स्वतःच चाकांची खुर्ची ढकलायला आली. दोघींनी मिळून ती टॅक्सीत घातली, काढली, थिएटरच्या उतरणीवरून वर चढवली.

थिएटर जवळजवळ रिकामं होतं. शेवटच्या रांगेत कॉलेजची पोरं बसली होती, ती खास त्या वाक्यासाठी आली होती हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं. खुर्ची कडेला, मधल्या वाटेत लावली. चित्रपट सुरू झाला. मुलीच्या अंगात वारा शिरला, भिंती पडल्या, खलनायक हसला. आईची मान छातीवर आली होती. आवाजवालीने एका हाताने तिचं कपाळ धरून ठेवलं. हात भरून आला, तरी तिने तो बदलला नाही. देवाकडे मागावं तसं काही ती मागत नव्हती. ते वाक्य एकदा आईच्या कानावर पडावं, मग ते जगातून गेलं तरी चालेल, एवढंच तिच्या मनात होतं.

मुलगी दारात उभी राहिली. पडद्यावरची बाई पाठमोरीच होती. ‘जा,’ आवाजवालीचा आवाज सगळ्या थिएटरभर झाला, दमलेला, खरखरीत. ‘दार लोटून घे.’

मागची पोरं एका सुरात तेच ओरडली आणि हसत सुटली. त्यांचं हसू ओसरलं. हाताखाली कपाळ हललं.

“लोटलं,” आई म्हणाली.

स्वच्छ म्हणाली. भावजयीनेही ऐकलं, ती एकदम जागेवर सरळ झाली. झटका आल्यापासून हा शब्द आईच्या तोंडून कधी आला नव्हता, आणि त्याच्या आधीही नाही. तो तिचा नव्हताच, तो मुलीचा होता. बाहेर पडणाऱ्याने म्हणायचा.

आवाजवालीला ते समजलं. आईने इतक्या वेळा तिला जाऊ दिलं होतं, मान वर न करता, बिनतक्रार. आता जाऊ द्यायची पाळी तिची होती. पडद्यावर तिच्याच आवाजात म्हटलेला तो पहिला शब्द, ‘जा’, एवढासा होता, एका अक्षराचा. तिने तोंड उघडलं. आवाज हेच जिचं पोट, तिला तो शब्द काढता येईना. तिने आईचं कपाळ तसंच धरून ठेवलं, आणि दिवे लागले, पोरं निघून गेली, झाडूवाली आली, तरी ती उठली नाही.