मेलेल्या कोकराचं कातडं

व्हॅन डीमेन या काळ्या पाण्याच्या बेटावर आम्हा कैद्यांना जहाजातून उतरवून घेणाऱ्या साहेबांची अक्कल एवढीच, की ज्यानं मेंढी चोरली त्याला मेंढ्या राखता येत असणार. सायलस क्रॅब हा नॉटिंगहॅमकडचा मोजे विणणारा. माग बंद पडले, घरात खायला दाणा उरला नाही, म्हणून त्यानं शेजारच्या रानातून एक मेंढी ओढून आणली आणि काळं पाणी पदरात पाडून घेतलं. इथं आल्यावर त्याच्या हातात काठी देऊन त्याला डोंगरावर धाडलं. मेंढीचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं, एवढंच त्याला कळत होतं.

झोपडीतला त्याचा जोडीदार एबेल ट्रेंच मात्र ससेक्सकडचा जातिवंत मेंढपाळ. त्याच्यावरही मेंढीचोरीचाच गुन्हा होता. माणूस मुलखाचा अबोल. आमच्यात गप्प बसणाऱ्याकडे आधी संशयानं बघतात, आणि सायलस तर नुसता बघतच बसायचा.

त्याला कारणही होतं. नाताळला त्याला मोकळिकीचा परवाना मिळायचा होता. परवाना मिळाला की आपलं आपण काम शोधायचं, काम मिळालं की बायकोला, फीबीला, विलायतेहून आणवायचा अर्ज करायचा. पण एखादं जनावर चोरीला गेलं तर झोपडीतल्या दोघांच्याही पाठीवर फटके, आणि परवाना गेला पाण्यात.

कोकरं जन्मायचे दिवस होते. एका संध्याकाळी कुत्रा झोपडीमागे उकरायला लागला. सायलसनं जाऊन बघितलं तर ओल्या मातीत एक कोकरू पुरलेलं. मानेपासून शेपटीपर्यंत सोललेलं, आणि कातडं गायब. चोर आधी कातडं नाहीसं करतो, कारण मालकाची खूण कातड्यावर असते. हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं स्वतः विहिरीत टाकलेलं कातडं वर आलं, म्हणून तर तो इथं आला होता.

आत एबेल सुरी धूत होता.

"सुरी कशाला धुतोस रे?"

"घाण झाली म्हणून."

"कोकरं किती आहेत आज?"

"आहेत तेवढी आहेत. जगतील ती आपली."

बस्स, सायलसची खात्री पटली. मांस हा मागाहून कुणाला तरी पोचवणार, आणि सापडला की दोघांनाही बुडवणार. आधी बोलेल तो वाचेल, असा विचार करून सकाळी तो मुकादम डंकर्लीकडे गेला.

डंकर्ली शिपायाला घेऊनच आला. आधी एबेलच्या हातात बेड्या पडल्या, मग विचारपूस.

"कातडं कुठाय?"

एबेलनं हनुवटीनं मेंढ्यांच्या वाड्याकडे दाखवलं. तिथं एका मेंढीला एक कोकरू लुचत होतं. त्याच्या अंगावर दुसरं कातडं चढवलेलं होतं, पाय भोकांतून बाहेर काढलेले, पोटाखाली दोरीनं बांधलेलं.

"हिचं कोकरू मेलं," एबेल म्हणाला. "याच्या आईला दूध नाही. मेलेल्याचा वास आल्याशिवाय ही दुसऱ्याचं पिल्लू जवळ करत नाही, साहेब. चार दिवसांत काढीन कातडं."

डंकर्ली पोट धरून हसला. "अरे मोजेवाल्या, हा तर तुझा धंदा! कोकराला अंगरखा घातलाय त्यानं!"

सायलस खाली बघत म्हणाला, "मला काय ठाऊक, एबेल? तू बोलला नाहीस."

"तू कोकरं मोजायला लावलीस," बेड्या निघालेली मनगटं चोळत एबेल म्हणाला. "एखादं मेलं का, हे विचारलं असतंस तर सांगितलं असतं. आजपासून तुझी चूल वेगळी."

नाताळला सायलसचा परवाना आला. त्यात कुणी आडकाठी केली नाही. पण परवाना काही खायला घालत नाही. काम लागतं, आणि इथलं काम म्हणजे एका झोपडीत दोघं. चुगलखोराशेजारी अंथरूण टाकायला आमच्यातला एकही तयार होईना. सोबती मिळेना म्हणून मालक ठेवेनात. बातमी त्याच्याआधी दारोदार पोचलेली असायची.

माझ्याकडे आला तेव्हा त्याचे बूट फाटले होते. माझा जोडीदार नुकताच सुटून गेला होता.

"इथं माणूस हवाय म्हणतात."

"भरली जागा."

त्यानं माझ्या खांद्यावरून आतल्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं. "दादा, कुठल्यातरी मालकाची सही झाल्याशिवाय फीबीचा अर्ज घेत नाहीत. वर्षभर राहू दे. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

मला दया आली, खोटं कशाला सांगू? क्षणभर 'राहा' म्हणायला जीभ वळलीही होती. पण डोंगरावर माझी जनावरंही मरतात, आणि प्रत्येक वेळी मी त्याला कारण सांगत बसणार होतो का?

"पुढं बघ," मी म्हणालो.

तो उतरणीला लागला. मी दार लावलं आणि खिडकीशी उभा राहिलो, जाता जाता माझ्या वाड्यातलं काही बघून तर ठेवत नाही ना, म्हणून.