चाळीस उघडी घरं

ऐका, वडवणीकडच्या एका गावातली गोष्ट सांगतो. आणि त्यातला अनिल वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. तुमच्याआमच्यासारखाच, कामाला चटपटीत.

डिसेंबरात ग्रामपंचायतीला पत्र आलं, उन्हाळ्यात टँकर किती लागतील ते दोन दिवसांत कळवा. गावात घरं चारशे. अनिल तिथं कॉम्प्युटरवर बसायचा. तो म्हणाला, चाळीस घरं विचारू, त्यावरून सगळ्या गावाचा अंदाज बांधू. यात चूक काहीच नव्हती बरं का! चूक पुढं झाली. ज्या घराला कुलूप, ते त्यानं सोडलं आणि शेजारचं उघडं घर धरलं. चाळीसपैकी छत्तीस घरी बोअर निघाला, चारच घरी नव्हता. म्हणजे अख्ख्या गावात चाळीसच घरांना पाणी लागणार, एक टँकर बास. सरपंच तानाजीरावांनी त्याला चहा पाजला, आकडा तालुक्याला गेला.

आता तुम्हीच सांगा, डिसेंबरात आपल्याकडं कुलूप कुणाच्या दाराला असतं? ऊसतोडीला गेलेल्यांच्या. आणि त्यांच्या दारात बोअर कुठून येणार? अनिल स्वतः भीमनगरचा, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्यांच्याच वस्तीतला, वडील नोकरीला म्हणून घरी बोअर. आपल्याच गल्लीतली नऊ कुलपं ओलांडून तो पुढं गेलता.

एप्रिलपर्यंत माणसं परतली. दीडशे घरं उघडली, टँकर मात्र एकच. मग लोक जुन्या विहिरीत उतरायला लागले. अनिलच्या लहानपणच्या दोस्ताची, सतीशची बायको पौर्णिमा घागर घेऊन उतरली आणि पायरीवरून घसरली. उजवं मनगट दोन जागी मोडलं. अंबाजोगाईला ऑपरेशन झालं, पण मूठ काही वळेना. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. टोळी नेणाऱ्या मुकादमानं सतीशला सांगून टाकलं, पुढच्या हंगामाला एकट्याला नेत नसतो.

अनिल सतीशच्या घरी भेटायला गेला तेव्हा तिथं गावातले राधाकिशनमामा बसलेले. गेवराईच्या बाजारात तीस वर्षं त्यांनी धान्य तोललेलं.

"मामा, मी खोटं काय लिहिलं न्हाई," अनिल म्हणाला. "ज्यानं जे सांगितलं तेच लिहिलं."

"खोटं न्हाई बे. पण पोत्यातली वरची मूठ बघून आमी कधी भाव केला न्हाई. वर लोक चांगलाच दाणा ठेवतेत. नळी खुपसायची, मधला काढायचा, तळातला काढायचा. तू नुसता वरचा दाणा बघितला. चाळीस सोड, अडीचशे उघडी घरं विचारली असती तरी तुझा आकडा असाच चुकला असता."

तेवढ्यात पौर्णिमा हळूच म्हणाली, "भाऊजी, फोन कावून केला न्हाई? कारखान्यावर बी फोन असतोयच की आमच्याकडं."

सतीशचा नंबर अनिलच्या खिशातल्या मोबाईलमध्ये होता!

दुसऱ्या दिवशी त्यानं सरपंचाला सांगितलं, माझा आकडा चुकलाय. सरपंच म्हणाले, गावाची बदनामी होईल, राहू दे. त्यानं ऐकलं नाही, तालुक्याला लेखी कळवलं. चारशे घरांच्या चिठ्ठ्या केल्या, घमेल्यात कालवल्या, चाळीस उचलल्या. ज्याची चिठ्ठी निघाली त्यालाच विचारायचं, कुलूप असलं तर फोन, नाहीतर परत चक्कर. शेजारी चालणार नाही. अठरा घरी बोअर नव्हता. गावाच्या हिशोबानं एकशेऐंशी घरं. मे महिन्यात आणखी चार टँकर सुरू झाले.

टँकर आला तेव्हा पौर्णिमा रांगेत होती. डाव्या हातानं तिला घागर उचलेना. अनिल पुढं झाला.

"राहू द्या भाऊजी," ती म्हणाली. "सवय करावीच लागंल."

तो बाजूला झाला.

दोस्तांनो, थोड्यांना विचारून सगळ्यांचं ठरवायला हरकत नाही, पण ते थोडे आपल्या सोयीनं निवडू नका. जो सहज सापडत नाही, त्यालाही निवडलं जायची तेवढीच संधी पाहिजे. अनिलला हे कळलं, पण कळेपर्यंत एका बाईचा हात गेला होता.