बोगद्यातला कळप

रिस्तेन वळणावर पोचली, तेव्हा कळपाचं शेपूट बोगद्यात शिरत होतं. वारा पडून चार-पाच दिवस झाले होते. फ्योर्डचं, डोंगरांत घुसलेल्या खाडीचं, पाणी तेलासारखं निपचित पडलं होतं आणि एवढ्या उत्तरेला क्वचितच पडणाऱ्या कडक उन्हाने डांबर मऊ झालं होतं. असल्या हवेत गोमाशी उठते. ती चावत नाही, पण तिची भुणभुण कानावर पडली की रेनडिअर तोंडातला घास टाकून उधळतो. एका जातीची माशी केसांना अंडी चिकटवते. त्यांतल्या अळ्या कातडीखाली शिरतात, हिवाळाभर पाठीत मुक्काम करतात आणि वसंतात भोक पाडून बाहेर पडतात. दुसरी तर उडता उडता नाकपुडीतच जिवंत अळ्या फवारते. जनावराला हे कुणी शिकवावं लागत नाही. बोगद्यात अंधार आणि गारवा, तिथे माशी येत नाही. कळप तिथेच जाणार.

पण बोगद्यातून हमरस्ता जात होता.

"माहत्ते, तू जुन्या रस्त्याने पलीकडच्या तोंडाशी जा," ती धाकट्या भावाला म्हणाली. "कुणालाही आत सोडू नकोस. चाहपेला बांधूनच ठेव."

चाहपे म्हणजे त्यांचा काळा कुत्रा. माहत्तेने त्याला मागे बांधलं आणि चारचाकी मोटरसायकल दगडगोट्यांतून पिटाळली. रिस्तेनने स्वतःची गाडी रस्त्यात आडवी लावली आणि रस्तेवाल्यांना फोन केला. दोन्हीकडे लाल दिवा लावतो, असं तिकडून कुणीतरी सांगितलं.

तिने फोन खिशात टाकला आणि तेवढ्यात बोगद्याच्या पोटातून घरघर ऐकू आली. लांबून येणारी, जड गाडीची. दिवा लाल व्हायच्या आधीच कुणीतरी पलीकडून आत शिरलं होतं.

कळप मध्ये होता. ती धावली, तर जनावरं बिथरून थेट त्या गाडीच्या अंगावर जाणार. म्हणून ती चालत आत गेली. ओल्या खडकाला एक हात टेकवत, भिंतीच्या कडेकडेने. "हो गं, हो बाई, मीच आहे, मीच," असं हलक्या आवाजात पुटपुटत. दोन्ही बाजूंनी उष्ण अंगं तिला घासत होती. चालताना रेनडिअरच्या घोट्यांतून येते ती टिकटिक, पाडसांचं घोगरं हाकारणं, आणि त्या सगळ्याखालून वाढत जाणारी घरघर. पायांना पळावंसं वाटत होतं. तिने दात दाबून धरले आणि पाऊल मोजून मापून टाकत राहिली.

समोरच्या भिंतीवर पिवळा उजेड सरकला, तेव्हा कळपाचं तोंड तिच्या मागे पडलं होतं. आता ती धावली. रस्त्याच्या मधोमध उभी राहून नारिंगी जाकीट काढलं आणि डोक्यावर गरागरा फिरवलं. दिवे मोठे होत गेले. इतके मोठे की तिला स्वतःचे हातही दिसेनात.

ट्रक थांबला. पण थांबताना त्याच्या ब्रेकची हवा जोरात फुसकारली आणि तिच्या मागे सगळा कळप एकदम सरकला. खुरांचा धडधडाट उठला आणि विरला. कुठेतरी एक पाडस किंचाळलं, मग गप्प झालं.

"भोंगा नको! इंजिन बंद करा, दिवे पण!" तिने दोन्ही हात खाली दाबल्यासारखे केले.

काचेतून एक टकला माणूस डोकावला. "अहो बाई, वेड लागलंय का तुम्हाला? चेंदामेंदा झाला असता!"

"माझा झाला असता. माझ्या मागे बघा काय आहे ते."

त्याने पाहिलं. दिवे विझले. "बाप रे," एवढंच तो म्हणाला. त्याचं नाव टोर्गेर, तो सॅमन माशांच्या पेट्या घेऊन निघाला होता.

थोड्या वेळाने माहत्ते धापा टाकत आला. "ओढ्याला पूल नाही, ताई. वळसा घेईपर्यंत हा आत घुसला होता." मग लगेच, "रस्तेवाल्यांचा फोन आला. ताबडतोब रिकामा करा म्हणतात. कुत्रा सोडतो."

"सोडून बघ. बाहेर माश्यांचे थवे उभे आहेत. कळप मागे उलटेल नाहीतर कड्यावरून समुद्रात जाईल."

"मग काय, इथेच संसार थाटायचा?"

"वारा सुटेपर्यंत."

"आणि माझ्या माशांचं काय?" टोर्गेरने विचारलं.

"बर्फात आहेत ना? जनावरांना बर्फ नाही मिळालेला."

माहत्ते पुटपुटला, "माश्या काय, दरवर्षीच असतात."

इतका वेळ रिस्तेनने भावावर आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. "गेल्या शरदात मी माझ्या जनावरांना अळ्या मारायची सुई टोचून घेतली. तू नाही घेतलीस. का, तर औषध दिलेलं जनावर लगेच कापता येत नाही. तुझ्या वाट्याच्या पाठींतून वसंतात जे गळून पडलं, तेच आता बाहेर भुणभुणतंय."

"सगळं माझ्याच पाठींतून का? पलीकडच्या खोऱ्यातला ओव्लाही टोचत नाही. माशी काय कानावरची मालकाची खूण बघून उडते?"

 तिघं भिंतीला टेकून बसून राहिले. टोर्गेरने थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून आधी तिच्यापुढे धरली. रस्तेवाल्यांचा फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा माहत्तेने तो उचलला आणि म्हणाला, "बहीण सांगेल तेव्हाच." तिने वळून पाहिलं, तर तो कुत्र्याचा पट्टा घट्ट करण्यात गुंतला होता.

ऊन डोंगराआड गेलं आणि समुद्राकडून बोगद्यात गार झुळूक आली. म्हाताऱ्या म्होरक्या मादीने नाक वर केलं, वळली आणि चालू लागली. तिच्यामागे सगळा कळप, हाकेशिवाय, बाहेर ओघळला.

एक मादी मात्र राहिली. भिंतीपाशी मान घालून हाकारत. तिचं पाडस तुडवलं गेलं होतं, मागचे दोन्ही पाय मोडले होते, पण धुगधुगी होती. कानावरची खूण माहत्तेची होती. तो गुडघ्यावर बसला. सुरी काढण्याआधी त्याने पाडसाच्या डोळ्यांवर हात ठेवला. मादी बराच वेळ हलली नाही. शेवटी रिस्तेननेच तिला हळूहळू बाहेर नेलं.

त्या शरदात पाडसं काटकुळी निघाली. उन्हाळाभर पळून पळून आयांना दूधच कमी उतरलं होतं. पशुवैद्य सुन्निवा औषधाच्या बाटल्या घेऊन आली, तेव्हा माहत्ते कुंपणात उभा होता. एकेकाची शिंगं धरून पुढे ओढत होता आणि ओढताना कुरकुरतही होता.

"नीट टोचा हो, फुकटची मेहनत नको."

"तू नीट धर, मग मी नीट टोचते," सुन्निवा म्हणाली.

पहिला बर्फ पडल्यावर बहीणभाऊ ओव्लाकडे गेले, त्यानेही जनावरं टोचून घ्यावीत म्हणून. म्हाताऱ्याने सुकं मांस कापलं, चीजचे तुकडे घातलेली कॉफी दिली, हवेबद्दल बोलला, गुडघ्याबद्दल बोलला. माश्यांचा विषय निघाला की चूल ढोसायला उठायचा. रिस्तेनने कळप बोगद्यात शिरल्याचं सगळं सांगितलं. पाडसाचं मात्र माहत्तेने सांगितलं. ओव्ला ऐकून घेत बसला.

परत निघाल्यावर माहत्तेने विचारलं, "ताई, हो म्हणाला की नाही म्हणाला?"

"दुसऱ्यांदा कॉफी ओतली. पण हो नाही म्हणाला."

माहत्तेने हातमोजे चढवले. "मग रविवारी परत येऊ. सुन्निवालाही घेऊन येऊ."