मिठबावचा वजनकाटा

या मित्रांनो, कीर्तनाला बसल्यासारखे जवळ सरका. एका बाईची गोष्ट सांगतो. चुळबुळ मात्र करू नका, ती माझ्यावर सोडा. मी एक जुना वजनकाटा आहे. पोटात स्प्रिंग घेऊन जन्मलो, तेव्हा स्वस्थ बसणं माझ्या नशिबी नाहीच.

मिठबावच्या अंगणवाडीत आलो तेव्हा मी नवाकोरा होतो. सेविका आनंदी मला पिशवीत घालून घरोघर जाई. वाशाला माझा आकडा अडकवायचा, खाली झोळी, झोळीत बाळ. बाळ रडे, माझा काटा थरथरे, आणि वजन वाढलेलं दिसलं की आई हसे.

२००३ साली मात्र विपरीत घडलं. मासे विकणाऱ्या काशीबाईंच्या नातीचं, रियाचं, वजन केलं आणि दुसऱ्याच दिवशी पोर तापली. काशीबाईंनी आनंदीला दारातच अडवलं.

"माझ्या नातीक बांगड्यासारखी टांगतंस, दृष्ट लागात नाय तर काय? परत हयसर येव नको."

एक दार मिटलं, ते बघून बाकीची मिटली. आनंदीचं जेवणखाण सुटलं. मी खुंटीवर नुसता हिंदकळत राहिलो. तिकडे रिया सुकत चालली होती आणि तिला बघायला कोणीच जात नव्हतं.

तेवढ्यात पर्यवेक्षिका सुभद्राबाई देवगडहून एसटीने आल्या. आनंदीने मला त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"बाई, माका जमाचा नाय. दुसरी कोण तरी बघा."

"बघूया. आधी सांग, तू जेवलंस काय?"

आनंदीने नाही म्हणून मान हलवली. बाईंनी आपला डबा उघडला, तिला समोर बसवून जेवायला लावलं. मग तिचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एक शब्द न बोलता.

"चल, मी येतंय तुझ्यावांगडा."

काशीबाई अंगणात सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाळत घालून मासळीला मीठ लावत होत्या. "आता सायबीण घेवन इलंस?"

"आजये, दृष्ट लागता ह्या खरा धरूया," सुभद्राबाई तिथेच जमिनीवर बसल्या. "मग नातीची काढा. ह्या काट्याचीय काढा. आणि हिचीय काढा. दारोदार फिरता, सगळ्यांचे बोल खाता. हिका कोणाची लागत नसात?"

काशीबाईंचा हात थांबला. आनंदीच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे त्या बघत राहिल्या. "तोंड बघ गो तुझा, सुक्या सुंगटासारखा झाला हा," असं पुटपुटत त्यांनी मूठभर मीठ उचललं. आधी नातीवरून, मग माझ्यावरून, शेवटी आनंदीवरून उतरवलं. आनंदी रडता रडता हसली आणि तिनेच मला वाशाला टांगलं.

रिया झोळीत बसली, पण माझा काटा मागच्या खेपेच्या वजनापर्यंतही पोचेना. त्याच दुपारी तिला दवाखान्यात नेलं. काशीबाईच तिला कडेवर घेऊन निघाल्या. देवाच्या कृपेने पोर वाचली. आनंदीही कामावर टिकली.

पुढे सुभद्राबाईंची बदली झाली. नव्या बाई पोरांची वजनं विचारत. वजन करणारीला कोणी काही विचारत नसे. आता मी गंजून कपाटात पडलोय. तरी दार आपटलं की आतून हलतो. वाटतं, आज आनंदी कुणाच्या उंबऱ्यात उभी असेल, आणि परतल्यावर तिचं ऐकायला कोण असेल?

मित्रांनो, बाळाला बघायला तुमच्या घरी अंगणवाडीची ताई आली, तर तिला आधी बसवा, तिची विचारपूस करा. आणि संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा सुभद्राबाईंची एकदा आठवण काढा.