छत्तीस तारांचा धनी

मित्रांनो, अशी कल्पना करा की तुम्ही सायकलवरून एक मोठा चढ चढत आहात. श्वास फुलला आहे, मांड्या भरून आल्या आहेत. अशा वेळी तुम्ही हँडलकडे बघता, पायडलकडे बघता, रस्त्याकडे तर बघताच. पण पुढच्या चाकाच्या अगदी मधोमध, जिथे सगळ्या तारा येऊन मिळतात, तिथे कधी बघितलं आहे का?

तिथे मी असतो. मी एक जुना हब आहे. माझ्या अंगाला छत्तीस भोकं आहेत, आणि प्रत्येक भोकाचा मला अभिमान आहे, कारण प्रत्येकात एक तार अडकते आणि चाक तोललं जातं.

माझा जन्म लेथवर झाला. अॅल्युमिनियमचा एक अखंड तुकडा घेऊन लेथवाल्याने मला कोरून काढलं. तारा ओढ देतात त्या दोन्ही कडांना त्याने धातू जाड ठेवला, आणि जिथे काही काम नव्हतं तिथला किसून काढून टाकला. म्हणून मी हलका झालो, पण लेचापेचा झालो नाही. माझ्या पोटात दोन्ही बाजूंना दहा-दहा पोलादी छर्रे घालून त्याने मला कानाशी धरलं आणि आस फिरवला. "आवाजच नाही!" तो शेजारच्याला म्हणाला. ती माझी पहिली शाबासकी.

पुढे लांब पल्ल्याच्या एका सायकलस्वाराबरोबर मी अकरा वर्षं फिरलो. वर्षातून एकदा तो मला उघडायचा, जुनं ग्रीस पुसायचा, नवं भरायचा. "तीन रिमा बदलल्या, हा पठ्ठ्या मात्र तोच," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मग त्याचं फिरणं थांबलं, चाक उकललं गेलं, आणि मी चाकं बांधणाऱ्या एका बाईंच्या दुकानात बिस्किटांच्या डब्यात जाऊन पडलो. चार वर्षं! आजूबाजूला गंजके नट आणि एक तुटकी घंटा. दिमाख दाखवायचा तरी कुणाला?

एके दिवशी डबा उघडला आणि आत एक छोटा हात आला. तो ठकूचा होता. ठकू अकरा वर्षांची, चाकवाल्या बाई तिची मावशी. तिची आई नर्स होती. रोज सकाळी पिशवी लावून ती डोंगरावरच्या वस्तीत सायकलने जायची आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा बांधायची. पण तिचे गुडघे कुरकुरू लागले होते. मोठ्या नर्सबाईंनी तिला सांगितलं होतं, "महिनाभर बघा. नाही जमलं तर दवाखान्यात खुर्चीवर बसून नोंदी करा. वस्तीवर दुसरं कुणी जाईल." आईला ती खुर्ची नको होती. म्हणून ठकूने आईसाठी हलकं चाक बांधायचं ठरवलं.

तिने टेबलावर तीन हब मांडले आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. एक लोखंडी, सगळ्यात जड. एक नवा, चकचकीत, पातळ कडांचा, सगळ्यात हलका. आणि मधला मी.

"हाच!" ठकूने चकचकीत उचलला.

"घे की. चाक आईचं, बांधणार तू," मावशी म्हणाली. "पण आधी एक कर." तिने एका चाकाच्या रिमला पाना बांधला. "फिरव."

"जड जातंय गं!"

मावशीने तोच पाना मधोमध, आसाजवळ बांधला. "आता?"

"आता काहीच वाटत नाही."

"मग? फिरवताना वजन भोवतं ते कडेचं. तिथे कंजूषपणा कर, रिम हलकी घे. मधल्याला विचार, बाबा रे, तू टिकशील का? आणि तुला उघडता येईल का?"

चकचकीत हबला उघडायची सोयच नव्हती. बिघडला की फेकायचा. त्याच्या कडाही पापडासारख्या. ठकूने मला उचलून आस फिरवला. चार वर्षांची धूळ होती, तरी मी गप्पच फिरलो, एकदाही कुरकुरलो नाही.

"म्हातारा आहे पण ऐटबाज आहे," ठकू म्हणाली. मित्रांनो, 'म्हातारा' हा शब्द मी पोटात घातला.

तिने मला धुतलं, नवे छर्रे घातले, ग्रीस भरलं, हलकी रिम घेऊन छत्तीस तारा ओवल्या. मावशी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या चाकाचा आऊट काढत होती, म्हणजे डुगडुगणारं चाक तारा आवळून सरळ करत होती. तिने तिकडूनच विचारलं, "आस ढिला नाही ना?"

"केसभरसुद्धा नाही!" ठकू अभिमानाने म्हणाली.

इथेच चूक झाली. माझा आस पोकळ आहे. त्यातून एक बारीक सळई जाते आणि तिची दांडी आवळली की चाक सायकलीवर बसतं. पण आवळताना आस किंचित दबतो. म्हणून टेबलावर मला केसभर सैल ठेवावं लागतं. सायकलीवर चढलो की मी आपोआप नेमका होतो. टेबलावरच नेमका केला, तर सायकलीवर माझा गळा आवळला जातो. मला हे ठाऊक होतं. पण हबला तोंड कुठे असतं?

आठ दिवस आई चढ चढली. छर्रे माझ्या पोटात रखडत होते. ती दोनदा थांबायची, तिसऱ्या वळणावर उतरून सायकल ढकलायची. आठव्या दिवशी घरी येऊन तिने गुडघ्यावर हात ठेवला.

"चाक सुरेख झालंय गं ठकू. माझेच गुडघे संपले. उद्या सांगून टाकते, खुर्ची चालेल म्हणून."

माझ्या आयुष्यात मी कुणाला दगा दिला नव्हता, आणि त्या क्षणी माझ्यामुळे एक शहाणी बाई स्वतःला दोष देत होती.

ठकू उठली. अंगणात येऊन तिने सायकलीचं पुढचं चाक उचललं आणि फिरवलं. चांगलं चाक थांबण्याआधी झोक्यासारखं मागेपुढे झुलतं. मी जिथल्या तिथे अडलो. तिने चाक काढून हातात धरून फिरवलं, तर मी भुर्रकन फिरलो. पुन्हा बसवलं, पुन्हा अडलो. ती चाक घेऊन तशीच मावशीकडे पळाली.

मावशीने कपाळाला हात लावला. "केसभरसुद्धा नाही म्हणालीस, तेव्हाच उठायला हवं होतं मी! तू केसभर आवळलंस, मी कानाआड केलं. दोघी सारख्याच."

छर्रे बदलले. ठकूने स्वतःच्या हाताने मला केसभर सैल केलं, आणि मग घरी येऊन आईसमोर उभी राहिली. "तुझे गुडघे नाहीत, आई. माझा पाना होता."

"खरं सांगतेस, की मला बरं वाटावं म्हणून?"

"उद्या चढून बघ. मग सांग त्यांना काय सांगायचं ते."

मित्रांनो, दुसऱ्या दिवशीचा तो चढ मी जन्मात विसरणार नाही. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यावर आईने ब्रेककडे हात नेला आणि परत घेतला. ती धापा टाकत होती, गुडघे कुरकुरतच होते, पण ती वर पोचली, सायकलीवर बसून पोचली! मी छत्तीसच्या छत्तीस तारा ताठ धरून होतो. लेथवाल्याने मला कानाशी धरायला हवं होतं तेव्हा.

खुर्ची रिकामीच राहिली. तुम्हाला एवढंच सांगतो: आमच्यासारख्यांची काळजी घ्या, पण मायेने गळा आवळू नका. वर्षातून एकदा उघडा, पुसा, ग्रीस भरा, आणि एखादं माणूस दमलो म्हणालं, तर आधी त्याच्या हातातलं साधन तपासा.

आई चढून गेली त्याच संध्याकाळी ठकू आईला आणायला दवाखान्यात गेली. मागच्या अंगणात आईच्या सोबतीची एक वयस्कर नर्स सायकल ढकलत येत होती. "चढ जड जातो आता," त्या हसून म्हणाल्या. "वय झालं, दुसरं काय!"

ठकूने बाह्या वर सारल्या, खाली बसली, आणि त्यांच्या सायकलीचं पुढचं चाक जमिनीपासून उचललं.