घुबडाच्या पायाशी नाव

चिंतामणरावांना त्यांच्या मुलांच्या मासिकासाठी एक गमतीदार घुबड हवं होतं. दर अंकात तेच घुबड, नवी उचापत. "मुंबईहून चित्रांचे तयार छपाईचे ब्लॉक मिळतात," ते म्हणाले, "पण म्हटलं, मास्तर गल्लीतलेच आहेत." मी शाळेत पोरांकडून सुरई आणि पेरू गिरवून घेणारा ड्रॉइंगमास्तर. लग्नपत्रिकेखेरीज माझं नाव कुठे छापून आलं नव्हतं. चित्राखाली माझी सही छापायची, एवढी एकच अट मी घातली.

शुक्रवार पेठेत आमच्या घरामागच्या बंद गोदामाच्या झरोक्यात खरंच एक घुबड राहायचं. मी परसात स्टूल टाकून बसू लागलो. आमच्या कुटुंबाने, मालतीने, पहिल्याच दिवशी बजावलं, "त्याच्यापुढं कुणाचं नाव घ्यायचं नाही. त्यानं ऐकलं की ते घोकत बसतं, अन् माणूस झिजत जातो." मी हसलो.

पहिलं चित्र पीस न् पीस बरोबर उतरलं. चिंतामणराव म्हणाले, "पोरं रडतील हो." दुसऱ्याला मी चष्मा आणि पगडी चढवली. "हे तर मामलेदार झाले." तिसऱ्यात डोळे तिरके फिरवले, ते मलाच बघवेनात. घुबडाचं बुबुळ जागचं हलत नाही, अख्खी मान फिरवावी लागते. खरं काढावं तर हसू येत नाही, हसू आणावं तर घुबड राहत नाही. जीव नुसता वैतागला. कागद फाडले. चहा गार झाला म्हणून मालतीवर खेकसलो, तोही मीच गार होऊ दिला होता.

एकदा दिवेलागणीला ती परसातलं वाळवण उचलायला आली. घुबड जागं झालं, तिच्याकडे रोखून बघू लागलं आणि मान खाली घालून डावीकडे, उजवीकडे डुलवू लागलं. चष्मा घरी विसरलेला कारकून अर्ज वाचतो, अगदी तसं. मालती पदर तोंडाला लावून हसली. मी तेवढंच काढलं, चष्मा नाही, पगडी नाही. ते बघून चिंतामणरावांना हसता हसता ठसका लागला. मी घुबडाच्या पायाशी ठळक सही ठोकली.

अंक आला. घुबड झकास होतं. पायाशी मात्र कोरं.

मी तडक छापखान्यात गेलो. चिंतामणरावांनी ब्लॉक दाखवला. सही कानशीने घासून काढली होती. "वहिनी आल्या होत्या," ते खाली बघत म्हणाले. "रडत उभ्या राहिल्या. मी काय करणार?"

घरी येऊन मी अंक तिच्यापुढे आपटला. "आयुष्यात एकदा माझं नाव छापून येणार होतं."

ती भाकरी थापत होती. "आयुष्य कमी होतं म्हणून मी आजवर तुमचं नाव तोंडातून काढलं नाही," ती म्हणाली. "अन् ते त्याच्या पायाशी लिहून घरोघर वाटायचं की काय?"

माझा राग काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो, तर फळ्यावर पोरांनी तेच घुबड काढलेलं. "मास्तर, हे मूळ कुणी काढलंय?" एकाने विचारलं. नाव ओठावर आलं होतं. घुबड फळ्यावरून माझ्याकडे रोखून बघत होतं.

"सुरई काढा," मी म्हणालो.