एका दमाचं वाक्य

गोष्टमावशीची गोष्ट कधी मुकाट्याने संपत नसे. संध्याकाळी रेडिओवर तिचा मुलांचा कार्यक्रम लागायचा आणि त्यातलं शेवटचं वाक्य ती एका दमात म्हणायची. वाक्य कसलं, आगगाडीच ती. बेडूक डबक्यातून काठावर, काठावरून दगडावर, दगडावरून गाईच्या पाठीवर असा उड्या मारत निघाला, की तो घरी पोचेपर्यंत मावशी मध्ये श्वास म्हणून घ्यायची नाही. घरोघरी पोरं गाल फुगवून तिच्याबरोबर दम धरून बसत. जो मावशीच्या आधी श्वास सोडेल तो हरला, हा नियम पोरांनी कधी ठरवला कुणास ठाऊक. मावशीला मात्र त्याचा भारी अभिमान होता. खुद्द रेडिओ केंद्रावरही तिला तिच्या नावाने कुणी हाक मारत नसे. ती सगळ्यांची गोष्टमावशीच.

एकदा एका मुलीने केंद्रावर फोन केला. "मावशी, आधी मी कधी कधी जिंकायचे. आता आम्ही सगळेच हरतो. तू इतका दम कुठून आणतेस?"

"रोज जिने चढते गं," मावशीने ठोकून दिलं.

जिने ती चढत होती हे खरं, पण कशी चढत होती ते विचारू नका. ध्वनिमुद्रणाची खोली तिसऱ्या मजल्यावर. पूर्वी ती तरातरा वर जायची. हल्ली दुसऱ्या मजल्यावर तिच्या चपलेचा पट्टा रोज नेमाने सैल होई, आणि तो लावायला पायरीवर बसावं लागे. कंगव्यात केसांचा पुंजका यायचा. दुपारी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. "वय झालं," ती म्हणायची. वय बेचाळीस. हे ऐकून सत्तरीच्या सासूबाई तिच्याकडे अशा बघायच्या की तिने विषय बदलावा. त्याच सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगत, "सूनबाई हल्ली काय उजळली आहे."

आणि बर्फ. बर्फाचं तर तिला वेडच लागलं होतं. पेलाभर बर्फ घेऊन ती माइकसमोर बसायची आणि दोन परिच्छेदांच्या मध्ये कडाकड फोडायची. काचेपलीकडे हेडफोन लावून बसणारा ध्वनितंत्रज्ञ कळवळायचा. त्याला सगळे कानसेन म्हणत, कारण पंख्याचं बेअरिंग बिघडायच्या आधी त्याला ते ऐकू येई.

"बाई, माझ्या कानात कुणीतरी खडी फोडतंय," तो म्हणायचा.

"उकडतंय हो," मावशी म्हणायची. खोलीत एसी चालू असायचा.

शेवटचं वाक्य म्हणताना मध्येच दम लागतो, हे तिला कळत नव्हतं असं नाही. चोरून श्वास घ्यावा लागायचा. पण संध्याकाळी घरी रेडिओ लावला की वाक्य अगदी सलग, लोण्यासारखं निघायचं. मग ती स्वतःची समजूत घाले. ऐकताना काही जाणवत नाही ना, मग झालं तर. उगाच मनाचे खेळ.

अशात एक दिवस केंद्राच्या साहेबांनी फर्मान काढलं. अडीच महिन्यांनी केंद्राचा वाढदिवस. मोठ्या सभागृहात मुलं बोलवायची आणि मावशीची गोष्ट तिथूनच थेट प्रसारित करायची. "शेवटचं वाक्य हवंच. मुलं त्यासाठीच येणार," साहेब म्हणाले. मग जरा घुटमळत त्यांनी पुढचं सांगितलं. संध्याकाळची ती वेळ गाण्यांच्या फर्माइशीला द्यावी असं वरून आलं होतं. हा कार्यक्रम रंगला तर मावशीची गोष्ट राहील. नाही रंगला, तर त्यांचाही नाइलाज होता.

मावशी म्हणाली, "त्यात काय, रंगेल की." कानसेनाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. साहेब गेल्यावर त्याने दार लावून घेतलं.

"बाई, जरा बसा. काहीतरी ऐकवायचंय."

त्याने एक ध्वनिमुद्रण लावलं. तीच बेडकाची गोष्ट, तेच वाक्य. पण मधूनमधून कुणीतरी असं हपापून श्वास ओढत होतं की जणू विहिरीतून वर आलंय.

"ही कोण धापा टाकतेय मध्ये?" मावशीने विचारलं.

"तुम्हीच."

ती हसली. मग हसायची थांबली.

कानसेनाने मान खाली घातली. "सहा-सात महिन्यांपूर्वी एक श्वास कापला. म्हटलं सर्दी असेल, बाईंना कशाला सांगा. पुढच्या आठवड्यात दोन कापले. मग सवयच लागली. हात इतका बसला की मलाही ते ऐकू येईनासे झाले. आता प्रत्येक वाक्यात चार-पाच निघतात, आणि दम लागून तुम्ही सावकाश बोलता म्हणून वाक्यही लांबलंय. तिथे सभागृहात मी काय कापणार?"

मावशीला असा राग आला की समोरचा बर्फाचा पेला त्याच्या डोक्यावर उपडा करावा. तिने बर्फच तोंडात टाकला. "त्या मुलीचा फोन आठवतोय? आम्ही सगळे हरतो म्हणाली. पोरं माझ्याशी नाही हो हरत, तुमच्या कातरीशी हरताहेत. आणि मी जिन्यात बसून चपलेला दोष देतेय." तिने पेला टेबलावर आपटला. "माझा आवाजच गेला तर मी करू काय? मला दुसरं येतं काय?"

तिच्या दातांखाली बर्फ कडकला आणि कानसेनाने मान वर केली. "बाई, माझी बायको पहिल्या खेपेला गरोदर असताना अशीच बर्फ चघळायची. तिच्या रक्तात लोह कमी निघालं होतं. अहो, इतके महिने हा आवाज माझ्या कानात फुटतोय आणि मी नुसता वैतागतोय."

दुसऱ्या दिवशी मावशी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि बर्फाचं ऐकून मान डोलावली. मग पाळीचं विचारलं.

"जरा जास्तच जातं. पण बायकांचं चालायचंच," मावशी म्हणाली.

"चालायचंच म्हणून सोडून दिलंत, म्हणून आता जिना चढवत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन तळाला गेलेलं आणि लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पाळीत इतकं का जातं ते बघायला सोनोग्राफी सांगितली आणि त्यावरचे उपचारही सुरू केले. "नुसतं भरून उपयोग नाही. गळतीही थांबवायला हवी."

घरी सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि पलंगावर बसूनच राहिल्या. "मेलं माझं लक्षच नाही. फिकी पडलीस आणि मी उजळलीस म्हणत राहिले," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. पालेभाजी, डाळी, अंडी, मासे, जे दिसेल ते सुनेच्या ताटात. नवरा एकदा भीत भीत म्हणाला, "मलाही थोडं वाढ की." त्याला उरलेला रस्सा मिळाला.

आणि कानसेन. अपराधाने तो इतका हळवा झाला होता की गोळीची जबाबदारी त्याने स्वतःवर घेतली. दुपारी चहा आला की एका हातात कप आणि दुसऱ्या हातात गोळी घेऊन हा हजर. मावशीने समोर गिळल्याशिवाय हलायचा नाही. एकही दिवस चुकला नाही.

महिन्याने पुन्हा रक्त तपासलं. सोनोग्राफीत घाबरण्यासारखं काही नव्हतं, पाळीचं जाणंही आटोक्यात आलेलं. पण रक्त जेमतेम हललेलं. चपलेचा पट्टा अजून सैल होतच होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या चुकवता का?"

"छे हो. आमचे कानसेन रोज चहाबरोबर हातात देतात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "चहाबरोबर?"

मग कळलं की चहा लोह अंगी लागूच देत नाही. गोळी पोटात जायची आणि चहा तिला दारातूनच परत पाठवायचा. गोळीच्या आधी नि नंतर तास-दोन तास चहा-कॉफी नको, गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, असं बजावून त्यांनी तिला घरी पाठवलं. "दम येईल," त्या म्हणाल्या, "पण पहिल्यासारखा भरायला काही महिने लागतील."

हे ऐकून कानसेन खुर्चीतच मोडून पडला. "आधी श्वास कापले, आता लोखंड."

"उठा," मावशी म्हणाली. "लिंबू आणा."

आधी बर्फाचं वेड गेलं. एका दुपारी पेल्यातला बर्फ तसाच वितळून गेला आणि कानसेनाने तो पेला साहेबांना नेऊन दाखवला. मग चपलेचा पट्टा सुधारला. पण वाक्य अजून पुरं होत नव्हतं. गाईच्या पाठीपर्यंत दम पुरायचा, पुढे नाही. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी कानसेन हळूच म्हणाला, "जुनं ध्वनिमुद्रण आहे माझ्याकडे, चांगल्या दिवसांतलं. तुम्ही नुसते ओठ हलवा. कुणाला कळणार नाही."

मावशीला मोह झाला. खोटं कशाला सांगू, चांगलाच झाला. रात्री तिने आरशासमोर ओठ हलवूनही पाहिले. मग तिला ती फोनवरची मुलगी आठवली आणि तिने दिवा मालवला.

सभागृह खच्चून भरलं होतं. गोष्ट रंगली, पोरं हसली, आणि शेवटी मावशीने बोट वर केलं. सगळ्या सभागृहाने गाल फुगवले.

"आणि मग बेडकाने उडी मारली ती डबक्यातून काठावर, काठावरून दगडावर, दगडावरून ओंडक्यावर, ओंडक्यावरून गाईच्या पाठीवर, गाईच्या पाठीवरून..."

दम संपला. समोर शेकडो लालबुंद चेहरे तिच्याकडे डोळे वटारून बघत होते. मावशी थांबली आणि तिने माइकसमोरच, भरभरून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा श्वास घेतला.

मग पहिल्या रांगेतली एक मुलगी खुर्चीवर उभी राहिली, तिने गालांतली हवा सोडली आणि ओरडली, "मावशी हरली! मी जिंकले!"

मग जो गलका उठला तो विचारू नका. प्रत्येक पोर जिंकलं होतं. कितीतरी महिन्यांनी सगळे जिंकले होते. मावशीने डोळे पुसले आणि बेडकाला गाईच्या पाठीवरून खाली उतरवून सुखरूप घरी पोचवलं. "पुन्हा, पुन्हा," पोरं ओरडत होती. साहेबांनी गाण्यांच्या फर्माइशीला सकाळची वेळ देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम पुन्हा लावायचा होता. साहेब कानसेनाला म्हणाले, "छान झालं. तेवढा मधला श्वास काढून टाका."

कानसेनाने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "तो नाही निघणार, साहेब," तो म्हणाला. "त्याच्यात बरंच लोखंड गेलंय."